दिवाळी पहाट: शास्त्रीय गायनाची मैफल पहिल्यांदाच भरवणाऱ्या संगीत मंडळांसाठी

संगीत मंडळाची दरमहा होणारी बैठक आणि दिवाळी पहाट यांची तयारी सारखी नसते. बैठकीला नेहमीची माणसे येतात, दहा मिनिटे उशीर झाला तरी चालतो, तंबोरा गप्पा मारता मारता लागतो. दिवाळी पहाटेला सगळे काम अंधारात उरकायचे असते. सणाच्या दिवशी दुकाने बंद असतात, रिक्षा मिळत नाही, आणि समोर सहकुटुंब आलेले असे बरेच श्रोते असतात जे वर्षातून एकदाच राग ऐकतात. त्यातून प्रातःकालीन रागांना त्यांची वेळ असते. उशिरा सुरू झालेल्या पहाटेत गायकाने योजलेला राग हातचा जातो. म्हणून खालची प्रत्येक पायरी घड्याळाकडे पाहूनच लिहिली आहे.

१. आधी दिवस आणि वेळ, मग जागा

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत कुठलाही दिवस चालतो. नरक चतुर्दशी आणि पाडवा या दोन दिवसांना मागणी सर्वांत जास्त असते, त्यामुळे याच दिवशी गायक, सभागृह आणि ध्वनिव्यवस्था या तिन्हींची ओढाताण होते. पहिलेच वर्ष असेल तर वसुबारस किंवा धनत्रयोदशी घ्या. चांगले साथीदार मिळतात, आणि फटाकेही कमी असतात.

इथे एक चूक हमखास होते. तिथींमुळे काही वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी येतात, तर काही वर्षी मध्ये एक दिवस मोकळा जातो. म्हणून गायकाशी बोलताना नुसते ‘पाडव्याला’ म्हणू नका. तारीख, वार आणि तिथी तिन्ही लिहून कळवा.

आता वेळ. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक किंवा वाद्य वाजवता येत नाही. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्या आत, चालते. वर्षातले काही दिवस रात्री १२ पर्यंत सूट मिळते ती रात्रीची आहे, पहाटेची नाही. म्हणजे मैदान, उद्यान किंवा सोसायटीचे पटांगण असेल तर सहाच्या आधी ध्वनिचाचणीसुद्धा करता येणार नाही. हे अनेकांना आदल्या रात्री कळते. साडेपाचला सुरू करायचे असेल तर बंद सभागृहच घ्या.

सहाला सुरू केले तरी काही बिघडत नाही. दिवाळीच्या सुमारास पुण्या-मुंबईकडे साडेसहाच्या आसपास सूर्योदय होतो. सहाच्या ठोक्याला पहिला षड्ज लागला तर ललत किंवा भटियारसारखा पहाटेचा राग आपल्या वेळेत गायला जातो.

उघड्या जागेचा दुसरा त्रास दवाचा. ओलाव्याने तबल्याची पुडी सैल पडते, सूर उतरतो, तंबोऱ्याच्या ताराही हलतात. मंचावर निदान वरून आणि मागून पक्के आच्छादन हवेच.

२. गायकाशी काय ठरवायचे

चार-पाच महिने आधी बोलणी करा. सणाच्या दिवसाला गणपतीनंतर विचारणे म्हणजे उरलेल्यांतून निवडणे. फोनवर होकार मिळाला की त्याच आठवड्यात पत्र पाठवा. पत्रात हे असावे:

- तारीख, तिथी, स्थळ, पोहोचण्याची वेळ, गायन सुरू होण्याची नेमकी वेळ, एकूण गाण्याची वेळ
- गायकाची पट्टी, म्हणजे तो कोणत्या सुराला ‘सा’ धरून गातो
- तबला आणि हार्मोनियमच्या साथीला कोण, आणि त्यांना बोलावणार कोण, गायक की मंडळ
- तंबोऱ्यावर कोण बसणार. बहुधा शिष्य असतात. त्यांचा प्रवास, मुक्काम, नाश्ता धरा
- मानधन किती, कोणाला वेगळे, कशाने आणि केव्हा
- ध्वनिमुद्रण, चित्रीकरण, थेट प्रक्षेपण यांना संमती आहे का

शेवटचा मुद्दा शिष्टाचारापुरता नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा त्याच्या सादरीकरणावर हक्क आहे. साथीदारही कलाकारच, त्यांचीही लेखी संमती घ्या. संमती केवळ मंडळाच्या संग्रहासाठी असेल तर ते मुद्रण समाजमाध्यमांवर टाकायचे नाही.

राग कोणते गाणार हे विचारू नका, कोणत्या वेळेला गाणार ते कळवा. ‘सहा ते सव्वासात पहिला भाग, साडेसात ते नऊ दुसरा’ एवढे सांगितले की जाणता गायक आपली मांडणी स्वतः करतो: आधी ललत, भटियार, भैरव किंवा अहिर भैरव यांपैकी काही, ऊन वर आले की तोडी, देसकार, बिलावलचे प्रकार किंवा जौनपुरी, मग श्रोत्यांसाठी नाट्यपद, अभंग, आणि शेवटी भैरवी. मंडळाला अभंग-नाट्यपदांची अपेक्षा असेल तर ती मात्र आत्ताच, पत्रात सांगा. मंचावर चिठ्ठी पाठवून सांगू नये.

३. परवानग्या आणि कागदपत्रे

गणेशोत्सव आटोपला की लगेच अर्ज करा. एका फाइलमध्ये हे ठेवा, प्रत्येकाच्या दोन प्रती काढून:

- मंडळाचे नोंदणी प्रमाणपत्र, पॅन कार्ड, कार्यकारिणीचा ठराव
- सभागृहाची पावती, किंवा मैदान असेल तर महापालिका अथवा नगरपालिकेची परवानगी
- स्थानिक पोलीस ठाण्याची कार्यक्रमाची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी
- मांडव असेल तर अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, वीजजोडणीची पावती
- कलाकारांची पत्रे, संमतीपत्रे, पॅन क्रमांक
- ध्वनिव्यवस्था, मांडव, जनरेटर यांची लेखी दरपत्रके

रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयापासून १०० मीटरच्या आत जागा असेल तर ती शांतता क्षेत्रात येते का, हे पोलीस ठाण्यात पहिल्याच भेटीत विचारा. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. ख्यालगायनाला मोठा आवाज लागतच नाही, त्यामुळे खांबांवर टांगलेल्या मोठ्या कर्ण्यांचा आग्रह मंडपवाल्याने धरला तरी मान्य करू नका.

पारंपरिक बंदिशींवर कॉपीराइटचा प्रश्न सहसा येत नाही. नाट्यपदे, भावगीते, अलीकडच्या चालींचे अभंग यांना येऊ शकतो. कवी आणि संगीतकार यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क टिकतो. अशी गाणी असतील तर गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या आयपीआरएस या संस्थेच्या परवान्याची चौकशी आधी करा.

तिकीट लावणार असाल तर माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या प्रवेशमूल्यावर जीएसटी लागत नाही, त्याहून जास्त असेल तर लागतो. मानधनातून कर कापायचा का आणि किती, हे सीएला विचारूनच गायकाशी आकडा बोला. ‘हातात एवढे मिळतील’ असे वाटून आलेल्या कलाकाराला ऐन वेळी कपात सांगणे फार वाईट.

४. मंच

गायक, दोन साथीदार आणि मागे दोन तंबोरे यांना १६ फूट बाय १२ फूट जागा पुरते. उंची दीड ते दोन फूट. याहून उंच मंचावरून पहिल्या रांगेतल्या श्रोत्यांना गायकाचा चेहरा नीट दिसत नाही, आणि गायकालाही समोरच्यांशी नजर मिळवता येत नाही. फळ्यांवर स्वतः चालून पाहा. करकर वाजणारी फळी आदल्या दिवशीच बदलून घ्या, विलंबित आलापीत ती ऐकू येते.

गादी पातळ आणि घट्ट हवी. फार मऊ गादीवर तबला कलतो, डग्गा सरकतो. त्यावर पांढरी चादर, चारी बाजूंनी टाचलेली. बाजूला कठड्याच्या पायऱ्या असाव्यात. ज्येष्ठ कलाकारांना मंचावर चढताना कुणाचा तरी हात धरावा लागू नये.

सजावटीला साधेपणा शोभतो. मंचाजवळ उदबत्ती, धूप, फवारण्याचे अत्तर नको. रांगोळीही पंख्याच्या झोतात नको. सकाळच्या गळ्याला धूर आणि धूळ लगेच लागते. अत्तर लावायचे, गुलाबपाणी शिंपडायचे ते प्रवेशद्वारापाशी. समईत तेल-वात आधी घालून एकदा पेटवून पाहा, आणि ती कापडी पडद्यापासून दूर ठेवा.

५. तंबोरे, तबला, हार्मोनियम

पुढची सारी मैफल याच कामावर उभी राहते, आणि नवी मंडळे नेमके हेच काम दुसऱ्यावर सोडतात.

दोन तंबोरे गायकाच्या पट्टीचे हवेत. हार्मोनियमच्या पट्ट्यांत सांगायचे तर पुरुष गायक बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास गातात, गायिका काळी तीन ते काळी पाचच्या आसपास. पुरुषांच्या पट्टीचा मोठा तंबोरा वर चढवून गायिकेला देऊ नका. तारा तुटतात आणि जवारीही (तारांखालच्या घोडीचा घासलेला माथा, ज्यामुळे तार गुंजते) बोलत नाही. कलाकार स्वतःचे तंबोरे आणणार की मंडळाने द्यायचे, हे पत्रातच ठरवून घ्या. मंडळाचे असतील तर महिनाभर आधी जवारी तपासून घ्या. मिरजेत पिढ्यानपिढ्या तंबोरे घडवणारे कारागीर आहेत, पण दिवाळीच्या तोंडावर त्यांच्याकडेही गर्दी असते. नव्या तारा चढवायच्या असतील तर निदान पाच दिवस आधी चढवा आणि रोज थोड्या ओढून घ्या. काल चढवलेली तार आज उतरत राहते.

पहिली तार कशात लावायची हे रागावर ठरते. ललतात पंचम नाही, म्हणून ती मध्यमात किंवा निषादात लावतात. भैरवाला पंचम चालतो. उद्घाटन लांबले आणि गायकाला ललत सोडावा लागला, तर दोन्ही तंबोरे श्रोत्यांसमोर पुन्हा लावावे लागतात. त्यात दहा मिनिटे जातात, आणि बसलेला सूर मोडतो तो वेगळाच.

हार्मोनियमची एक गोष्ट तपासा. जुन्या पेट्यांचे सूर प्रमाण पट्टीपेक्षा थोडे चढे किंवा उतरे असतात. मोबाइलवरचा किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा ४४० हर्ट्झवर आणि पेटी निराळ्याच जागी, असे झाले की तंबोरा दोघांपैकी कुणालाच मिळत नाही. सगळी वाद्ये एका पेटीला मिळवा, आणि इलेक्ट्रॉनिक तानपुराही त्याच पेटीला सूक्ष्म जुळवून घ्या. खऱ्या तंबोऱ्यांच्या बरोबरीने तो हळू आवाजात चालतो, त्यांच्या जागी नको.

तबलजी आपला तबला आणतील, तरी त्यांना पट्टी आठवडाभर आधी कळवा, म्हणजे ते त्याच सुराचे दोन तबले आणू शकतील. मंडळाने हाताशी ठेवायचे सामान: तारांचा एक संच, जवारीचा दोरा, छोटी कात्री, हातोडी, पावडर, स्वच्छ फडकी, तबल्याखाली ठेवायच्या दोन जास्तीच्या चुंबळी.

वाद्ये वातानुकूलित खोलीतून थेट दिव्यांच्या उष्णतेत नेली की सूर हलतो. सुरू होण्याच्या अर्धा तास आधी ती मंचावर ठेवा, दिवे लावून ठेवा, आणि वातानुकूलन ज्या पातळीवर राहणार त्याच पातळीवर तासभर आधी चालू करा. एसीचा झोत मंचावर येत असेल तर ती झडप बंद करा.

६. ध्वनिव्यवस्था

लग्न-वरातीचा अनुभव असलेला ध्वनिसंयोजक चांगला असेलही, पण त्याने शास्त्रीय गायनाला काम केले आहे का हे विचारा. लागणारे माईक: गायन १, हार्मोनियम १, तबला-डग्गा २, तंबोरे २, निवेदन १, जादा १. स्टँड बैठकीचे, बुटके हवेत. उभे स्टँड वाकवून ठेवले की ते हळूहळू खाली येतात.

तंबोऱ्याचा माईक घोडीच्या जवळ, हार्मोनियमचा भात्यापासून दूर. नाहीतर भात्याचा श्वासच जास्त ऐकू येतो. मंचावरचे स्पीकर गायकासमोर दोन आणि साथीदारांकडे एकेक. गायकाच्या स्पीकरमध्ये तंबोरा स्पष्ट हवा, मग थोडे पेटी आणि तबला. हे प्रमाण गायकालाच ठरवू द्या.

तीन गोष्टी संयोजकाला आधीच सांगा. एको अगदी कमी. तबल्याचा ठोका छातीत बसेल असा खर्ज नको. आणि एकदा जुळलेली पातळी ख्याल चालू असताना सारखी हलवायची नाही, कारण आवाज लहान-मोठा करणे हे गायकाच्या गळ्याचे काम आहे.

सजावटीच्या माळा आणि मिक्सर एकाच लाइनवर असले की घरघर येते. वेगळी लाइन घ्या, अर्थिंग तपासा. जनरेटर आवाज पोहोचणार नाही इतका लांब, आणि मिक्सरला यूपीएस.

उघड्या जागी ध्वनिचाचणी आदल्या संध्याकाळी, रात्री १० च्या आत, साथीदारांसह करा. मिक्सरच्या बटणांचे छायाचित्र काढून ठेवा. सकाळी सहाला फक्त प्रत्येक माईक चालू आहे ना एवढेच पाहायचे आणि सव्वासहाला सुरुवात करायची.

७. कार्यक्रमाचा क्रम

दीपप्रज्वलन, स्वागत आणि परिचय मिळून दहा मिनिटे, त्याहून अधिक नाही. प्रायोजकांचे आभार मध्यंतरात. सत्कारही मध्यंतरातच, आणि हार-श्रीफळ-शाल देताना पाहुण्यांची भाषणे नकोत. निवेदकाने गायकाच्या पुरस्कारांची यादी वाचण्यापेक्षा गुरुपरंपरा आणि घराणे दोन वाक्यांत सांगावे, आणि नवख्या श्रोत्यांसाठी एक-दोन गोष्टी: आधी संथ लयीत राग उलगडेल, मग लय वाढेल, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दाद द्यायला संकोच नको. एवढ्याने समोरची कितीतरी माणसे सैलावून ऐकू लागतात.

बडा ख्याल आणि छोटा ख्याल मिळून पाऊण ते एक तास धरा. दुसरा राग पंचवीस-तीस मिनिटे. मध्यंतर पंधरा मिनिटांचे सांगा आणि पंधराच मिनिटांत घंटा द्या. भैरवीच्या आधी ‘आता शेवटचे’ अशी घोषणा करू नका. त्या शब्दांबरोबर निम्मे सभागृह चपला शोधायला उठते.

८. प्रवेशिका आणि बसण्याची व्यवस्था

विनामूल्य प्रवेशिका घेणारे सगळे येत नाहीत, आणि न घेतलेले बरेच येतात. प्रवेशिकेवर स्वच्छ छापा: ‘५:५० पर्यंतच जागा राखीव’. त्यानंतर जो दारात असेल त्याला आत घ्या. राखीव ठेवायच्या त्या पुढच्या दोनच रांगा. पुढे रिकाम्या खुर्च्यांकडे पाहून गाणे गायकाला जड जाते.

पुढे भारतीय बैठक, मागे आणि कडेला खुर्च्या. लहान मुले घेऊन आलेल्यांना दाराजवळची जागा सुचवा, म्हणजे मूल कंटाळले तर त्यांना संकोच न होता उठता येते. राग चालू असताना दार बंद. प्रवेश दोन गाण्यांच्या मध्येच. दारावर दोन समजूतदार कार्यकर्ते ठेवा, तरुण असले तर उत्तम, पण हळू बोलणारे हवेत.

फटाक्यांसाठी आजूबाजूच्या सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना आठवडाभर आधी भेटा, प्रवेशिका द्या, नऊपर्यंत थांबण्याची विनंती करा. फलकापेक्षा भेटीचा उपयोग होतो.

९. त्या पहाटेचे वेळापत्रक (बंद सभागृह, सहाची सुरुवात)

- ३:३० — कलाकारांच्या मुक्कामी गरम पाणी आणि चहा. अभ्यंगस्नानाचा दिवस असेल तर तेल-उटणेही ठेवा. हॉटेलच्या रात्रपाळीला आदल्या रात्री सांगून ठेवलेले असावे.
- ३:४५ — सभागृह उघडणे, दिवे, वातानुकूलन, स्वच्छतागृहांची तपासणी
- ४:०० — ध्वनिसंयोजक हजर, माईक जोडणी
- ४:३० — कलाकारांची गाडी सभागृहात. तंबोरे लावायला सुरुवात. चालकाला आदल्या रात्री १० वाजता फोन, आणि दुसरी गाडी तयार
- ५:०० — ध्वनिचाचणी, वीस-पंचवीस मिनिटे
- ५:२५ — गायक विश्रांतीकक्षात. इथे गळा तापवायला शांतता लागते. फराळाची मांडणी आणि जनरेटर या खोलीजवळ नकोत. थर्मासमध्ये कोमट पाणी.
- ५:३० — दारे उघडणे. पडदा पाडून तंबोरे पुन्हा मिळवणे
- ५:५० — दीपप्रज्वलन
- ६:०० — पहिला षड्ज
- ७:१५ — मध्यंतर, सत्कार, तंबोरे पुन्हा मिळवणे
- ७:३० — दुसरा भाग
- ८:४५ च्या सुमारास — भैरवी

एकाच व्यक्तीकडे घड्याळ द्या. प्रमुख पाहुणे उशिरा आले तर दीपप्रज्वलन मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ सदस्याकडून उरकायचे, हा अधिकार त्या व्यक्तीला आधीच दिलेला असू द्या.

१०. फराळ आणि नंतरचे

मध्यंतरात फक्त चहा, तोही सभागृहाबाहेर. फराळाची ताटे संपल्यावरच मांडा. चिवड्याच्या पुड्या श्रोत्यांच्या हातात आधी गेल्या की अभंगाच्या वेळी कागद वाजत राहतात. कलाकारांचा नाश्ता वेगळा आणि गरम ठेवा, पहाटेपासून त्यांनी काही खाल्लेले नसते. तबला, पेटी आणि तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्यांनाही त्यांच्याबरोबरच वाढा.

मानधनाची पाकिटे किंवा धनादेश आदल्या दिवशीच नावनिशी तयार हवेत. पावत्यांवर सह्या घेऊन कलाकार निघण्याआधी ते द्या, साथीदारांचे त्यांच्याच हातात. बाहेरगावच्यांच्या परतीच्या गाडीची वेळ निवेदकालाही माहीत असू द्या, म्हणजे भैरवीनंतरचे आभार तो आवरते घेईल.

मंडळाचे तंबोरे असतील तर तारा थोड्या सैल करून, पुसून, गवसणीत घालूनच हलवा, आणि भोपळ्याला तडा नाही ना ते सभागृहातच उजेडात पाहून घ्या. ध्वनिसंयोजकाचा शिल्लक हिशेब, मैदानाची अनामत, पोलीस परवान्याची मूळ प्रत आणि संमतीपत्रे भाऊबीजेनंतरच्या पहिल्या बैठकीत फाइलला लावा. पुढच्या वर्षीचा अर्ज करताना हीच फाइल लागते.